शोभेल की पेलेल?

भाच्याला पहिली मोटारसायकल घ्यायची आहे. उंची सहा फूट, वजन 115 किलो. घरात, सोसायटीत, ऑफिसात, ज्याला विचारावं त्याचं उत्तर तयार : "तुला बुलेटच शोभेल!"

शोभेल? गाडी चालवायची आहे की तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढायचाय?

प्रश्न शोभण्याचा नाही, पेलण्याचा आहे. गाडीने त्याला पेलायला हवं आणि त्याने गाडीला. आपण या दोन्ही गोष्टी एकत्र कालवतो आणि निकाल देऊन टाकतो : माणूस जड, म्हणून गाडीही जड हवी. का बरं? जड माणसाला मजबूत खुर्ची लागते. जड खुर्ची कशाला लागेल?

बुलेटच्याच घराण्यातल्या क्लासिक 350 चं वजन 195 किलो. भाच्याने आजवर फक्त स्कूटर चालवलीय. क्लच सोडताना गाडी बंद पडते, हे त्याला अजून अनुभवायचंय. अशा पोराला पहिल्याच दिवशी सोसायटीच्या उतारावरच्या पार्किंगमधून 195 किलो उलटे ओढत बाहेर काढायला लावायचं?

"पोरगा दांडगा आहे, सांभाळेल," असं सगळे म्हणतात. ताकद आणि तोल एक नव्हे. वेगात असताना गाडीचं वजन जाणवतच नाही. ते जाणवतं थांबताना. नवशिका पडतो तो सिग्नलला, वाळूवर, यू टर्न घेता घेता पुढचा ब्रेक दाबल्यावर. दोनशे किलो एका मर्यादेपलीकडे कलले की पैलवानालाही धरवत नाहीत. धरायला जातो त्याचं मनगट जातं, नाहीतर गुडघा.

बुलेटशी माझं वैर नाही. तिचं इंजिन कमी वेगातही ओढतं, डबलसीट घाट सहज चढतं, जड माणसाला ते सुखाचंच. दुसरी गाडी म्हणून जरूर घ्यावी. पहिली म्हणून नको.

आता दुसरं टोक. "शंभर सीसी घे, मायलेज देते."

स्प्लेंडर 112 किलोची. तिच्यावर 65 किलोचा माणूस बसला तर एकूण 177 किलो, भाचा बसला तर 227. म्हणजे सव्वापटीहून जास्त ओझं आणि ओढायला तेच आठ हॉर्सपॉवर. गावात चालून जाईल. दिवे घाटात पुढची एसटी ओलांडायची वेळ आली की काय? तिथे मायलेज कामाला येत नाही.

त्याहून मोठी गोष्ट थांबण्याची. 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना 2019 पासून एबीएस सक्तीचं आहे. त्याखालच्या गाड्यांना त्या नियमाने नव्हतं, आणि साध्या शंभर सीसीला पुढे-मागे बहुधा ड्रमचेच ब्रेक. म्हणजे ज्याला थांबवायला जास्त जोर लागतो, त्यालाच आपण कमी ब्रेकची गाडी सुचवतो. तीही काळजीपोटी!

मग घ्यायची कुठली? आधी एक आकडा शोधा. गाडीने एकूण किती वजन वाहायचं, हे कंपनीने ठरवलेलं असतं. माहितीपुस्तिकेत ते लिहिलेलं असतं. त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की तुमच्या वाट्याचे किलो उरतात. रोजच्या वापरातल्या कित्येक गाड्यांमध्ये ते दीडशेच्या आतच असतात.

दीडशे! त्यात 115 चा भाचा, त्याचं हेल्मेट, लॅपटॉपची बॅग. मागे आई बसली की हिशेब संपला. पुढे कधी लग्न झालं, तर बायकोने बसने जायचं का?

मायलेज जाहिरातीत ठळक छापतात. हा आकडा पुस्तिकेच्या पोटात असतो, आणि पुस्तिका हातात पडते गाडी घेतल्यावर.

पुस्तिका नसेल तर निदान खाली वाका आणि मागचा टायर वाचा. मापाच्या पुढे एक छोटी संख्या आणि एक इंग्रजी अक्षर कोरलेलं असतं. ती संख्या म्हणजे त्या टायरच्या ताकदीचा कोड. 54 असेल तर तो टायर 212 किलो झेलतो, 57 असेल तर 230, आणि 62 असेल तर 265. जड माणसाचा बहुतेक भार मागच्याच चाकावर येतो. रंग निवडायला अर्धा तास देता, टायर वाचायला अर्धं मिनिट द्यायला काय हरकत आहे?

आणि "मोठा" म्हणजे नक्की कसा मोठा? उंच, की रुंद? सल्ला देणाऱ्यांना हा फरकच दिसत नाही.

भाचा उंच आहे, पाय लांब आहेत. त्याला सीट ते फूटरेस्ट हे अंतर हवं. 785 मिलिमीटरच्या सीटवर त्याचे गुडघे टाकीच्या वर येतात, तासाभरात मांड्या भरून येतात. त्याच्यासाठी एक्सपल्स 200 सारखी 825 मिलिमीटर सीटची उंच गाडी पाहण्यासारखी. दिसायला काटकुळी, वजन 160 किलोच्या आत, पण पाय मोकळे. कुणी सुचवली? एकानेही नाही. "त्याच्या अंगाला शोभत नाही" म्हणे.

आता दुसरी गोष्ट. भाच्याच्याच ऑफिसातली एक मुलगी, उंची पाच फूट दोन, वजन नव्वदच्या पुढे. तिलाही मोटारसायकलच शिकायचीय. तिला मिळालेला सल्ला : "तू आपली अ‍ॅक्टिव्हा घे."

अ‍ॅक्टिव्हा चांगलीच आहे. पण तिने विचारलं काय होतं? भाच्यालाही गिअर येत नाहीत, त्याला कुणी अ‍ॅक्टिव्हा सुचवली नाही. एकाच्या वजनाला रुबाब म्हणायचं आणि दुसरीच्या वजनाला अडचण! मला या गोष्टीचा मनापासून राग येतो.

तिची अडचण खरी आहे, पण ती वजनाची नाही, पाय टेकण्याची आहे. सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि पाय अजून आखूड पडतात. म्हणून नुसती सीटची उंची वाचून भागत नाही, सीट पुढच्या बाजूला निमुळती आहे का ते बसूनच कळतं. एव्हेंजर 220 ची सीट 737 मिलिमीटरवर आहे, दोन्ही तळवे जमिनीला लागतात. पण ती 163 किलोची, शिवाय पाय पुढे टाकून बसल्यामुळे खड्ड्याचा दणका थेट माकडहाडात. पाठ दुखत असेल तर विचार करावा.

"सीट कापून घे, खाली येईल," हा आणखी एक फुकटचा सल्ला. फोम कापला की उरलेला पातळ थर जड माणसाखाली दहा मिनिटांत बसतो आणि खालचा कडक तळ लागायला लागतो. कापायचाच असेल तर उरलेल्या जागी कडक फोम घालून घ्या. चांगला सीटवाला हे स्वतःहून सांगतो.

हेल्मेटचंही तेच. डोकं मोठं असेल तर कपाळाभोवती टेप लावून सेंटिमीटर मोजा आणि त्या मापाचं मागवून घ्या. दुकानात असलेलं एल डोक्यावर टोपीसारखं ठेवून "बसेल हळूहळू" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. आयएसआय शिक्का 2021 पासून सक्तीचा आहे. मापाची सक्ती कोण करणार? ती आपल्यालाच करावी लागते.

भाच्याबरोबर मीही एका शोरूममध्ये गेलो. विक्रेत्याने बजेट विचारलं, रंग विचारला, हप्ता किती जमेल ते विचारलं. टेस्ट राइड दिली ती समोरच्या गुळगुळीत रस्त्यावर, जेमतेम अर्धा किलोमीटर, एकट्याला. मी म्हटलं, मला मागे बसवून स्पीडब्रेकरवरून जाऊ दे. तसं चालत नाही, म्हणाला.

मग पुढे गाडी चालणार कशावरून आहे?

शेवटी एक जुनी, नीट ठेवलेली 160 सीसी घेतली. वजन दीडशेच्या आसपास, पुढे डिस्क, एबीएस. पडली तर काळीज तुटणार नाही अशा किमतीत. शिवाय एकट्याला उचलता येईल अशी. उचलण्याचीही पद्धत असते : आधी गाडी गिअरमध्ये टाकायची, तिच्याकडे पाठ करायची, एक हात हँडलला, दुसरा मागच्या दांडीला, आणि पायांनी रेटत मागे मागे सरकायचं. पुढे वाकून ओढलं की कंबर गेलीच.

रविवारी सकाळी मोकळ्या मैदानावर नेली. पहिल्या तासात अकरा वेळा बंद पडली, एकदा आडवी झाली. उचलली. दुपारपर्यंत पोरगा आठाचा आकडा काढायला लागला. पण खड्ड्यात मागची बाजू दरवेळी खाली आदळत होती. मी म्हटलं, निवड फसली वाटतं.

कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाल्याने गाडीकडे पाहिलं, भाच्याकडे पाहिलं. मग इतक्या दिवसांत एकाही विक्रेत्याने न विचारलेला प्रश्न विचारला.

"वजन किती तुमचं?"

"115."

"मग शॉकअप दुसऱ्या खाचेवर कसा ठेवलाय?" असं म्हणत तो पाना आणायला आत गेला.