एक ओळ सोडून

आमच्या सोसायटीतले नाना ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाले. उभा जन्म मिगच्या संगतीत गेल्यामुळे जगातल्या सगळ्या दुखण्यांचं निदान ते एकाच शब्दात करतात. गंज. गुडघा कुरकुरतो? गंज. शेजाऱ्याचं नाव आठवत नाही? मेंदूला गंज. सून उलट बोलते? इथे मात्र ते पेपर वर धरतात.

गेल्या महिन्यात कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर त्यांना एका गोडबोल्या गृहस्थाने गाठलं. शरीर खरोखरच गंजतं, गंजवणाऱ्याला फ्री रॅडिकल म्हणतात आणि त्याच्यावर गोळी निघाली आहे, असं त्याने सांगितलं. आयुष्यभराचा सिद्धांत कुणीतरी उचलून धरला, या आनंदात नाना तीन बाटल्या घेऊन आले. चौथी घेतली असती तर ‘चेन’मध्ये नाव लागणार होतं म्हणे.

पहिली बाटली द्राक्षाच्या बियांच्या अर्काची.

नाशिक जिल्ह्यात! जिथे थॉमसन, सोनाका, शरद अशी बिनबियांची द्राक्षं पिकवण्यात पिढ्या गेल्या, घडात बी निघालं तर व्यापारी भाव पाडतो, तिथला माणूस दिंडोरी रोडवर शंभरेक रुपयांत पाटीभर द्राक्षं घासाघीस करून घेतो आणि बियांची बाटली हजारात घेतो, तीही घासाघीस न करता. कांद्यातल्या क्वेर्सेटिनचीही गोळी मिळते. लासलगावला भाव पडला की ट्रॉलीभर क्वेर्सेटिन रस्त्यावर ओततात, तेव्हा कुणी वेचायला येत नाही.

दुसरी बाटली रेस्व्हेराट्रॉलची. रेड वाइनमधला तो ‘चांगला’ पदार्थ. गंगापूर रोडवरच्या वायनरीत ग्लास हलवून वास घेणारी मंडळी ‘हार्टसाठी’ म्हणतात ना, तोच. एका लिटर रेड वाइनमध्ये तो असतो काही मिलिग्रॅम आणि गोळीत पाचशे. वाइन पिऊन तेवढा मिळवायचा तर शंभरावर बाटल्या लागतील, म्हणजे हार्टचा प्रश्न उरणारच नाही. या पदार्थाच्या आशेवर ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने २००८ मध्ये एक कंपनी ७२ कोटी डॉलरला घेतली आणि काही वर्षांत गाशा गुंडाळला. २०१२ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाच्या चौकशीत याच विषयातले नावाजलेले संशोधक दीपक दास यांच्यावर आकडे आणि चित्रं बनवल्याचे १४५ ठपके आले. द्राक्षाला डाग पडला तर कंटेनर परत येतो. इथे बाटली अजून फडताळात आहे.

तिसरी बाटली व्हिटॅमिन ए-सी-ई. ‘ऑल इन वन’, नाना म्हणाले.

हे फ्री रॅडिकल म्हणजे, शाळेच्या पुस्तकातले मुक्त मूलक, असा रेणू ज्याच्या एका इलेक्ट्रॉनला जोडी मिळालेली नाही. मग तो दिसेल त्याचा इलेक्ट्रॉन पळवतो. (निफाडकडच्या लग्नाळू बागायतदार पोरांची सध्याची अवस्था पाहता मला या रेणूबद्दल थोडी सहानुभूतीच आहे.) त्या ओढाओढीतूनच शेंगदाणे खवट होतात. कापलेलं सफरचंद लाल पडतं, लोखंड गंजतं, तेही साधारण याच नात्यातल्या भानगडीने. म्हणून चिवड्याच्या पाकिटातल्या तेलात ही ओढाओढ थांबवणारा अँटिऑक्सिडंट घालतात, नानांच्या बाटल्यांत आहे त्याच जातीचा. तिथे तो चोख काम करतो, कारण चिवडा जिवंत नसतो.

म्हातारपण याच ओढाओढीतून येतं, असं १९५६ मध्ये डेनहॅम हारमन यांनी मांडलं. हे गृहस्थ डॉक्टर होण्याआधी शेल या तेल कंपनीत रसायनतज्ज्ञ होते. जो ज्या कारखान्यातून येतो, त्याला शरीर त्याच मालाचं दिसतं. तेलवाल्याला खवटपणा दिसला, नानांना गंज.

तर परवा माझे मामा आले. निफाडजवळ चार एकर बाग आहे त्यांची. गोडी छाटणीची औषधं घ्यायला शहरात आले की आमच्याकडे जेवतात. जेवणानंतर नाना बाटल्या घेऊन हजर. मामांनी तिन्ही उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाले, “टॉनिक आहे.”

बागायतदाराच्या तोंडी हा शब्द आदराचा नसतो. दर हंगामात बांधावर इस्त्रीच्या शर्टातला एक पोरगा येतो. फुगवण वाढेल, चकाकी येईल, शुगर भरेल, असं सांगतो आणि डबा पुढे करतो. मामा त्याला हाकलत नाहीत. सॅम्पल घेतात, एका ओळीला मारतात, शेजारची ओळ तशीच सोडतात आणि तिच्या खांबाला लाल चिंधी बांधतात. काढणीला दोन्हीकडचे घड तराजूत. पोरगा पुढच्या वर्षी आला की मामा त्याला चिंधीपाशी घेऊन जातात. बरेचसे पुन्हा येत नाहीत. या टॉनिकांना केंद्र सरकारने २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली ‘जैव उत्तेजक’ म्हणून घेतलं आणि पिकावर काय फरक पडतो त्याच्या चाचण्या दाखवा म्हटलं. मग मुदतवाढ दिली, पुन्हा दिली, ते सोडा. पण वेलीसाठी विचारलं तरी. माणसाच्या बाटलीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापावं लागतं, आणि ते वाचायला नानांना दुसरा चष्मा लागतो.

“नाना, ओळ कोणती सोडली?” मामा म्हणाले.

“कसली ओळ?”

“न मारलेली. तुम्हाला बरं वाटतंय म्हणता. ते गोळीनं, का पहाटे चालाय लागलात म्हणून, का महिनाभर सूनबाई माहेरी आहेत म्हणून? कळायचं कसं?”

नाना म्हणाले, एवढे मोठे शास्त्रज्ञ सांगतात म्हणजे त्यांनी पाहिलंच असेल ना. पाहिलं आहे, खरंच. फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाचे २९,१३३ धूम्रपान करणारे पुरुष घेतले. काहींना रोज बीटा कॅरोटीन (म्हणजे ‘ए’चा कच्चा माल), काहींना व्हिटॅमिन ई, काहींना दोन्ही, काहींना तशीच दिसणारी पोकळ गोळी. पाच ते आठ वर्षं. हीच लाल चिंधी, फक्त तिथे तिला मोठं नाव आहे. १९९४ मध्ये घड तराजूत टाकले, तर बीटा कॅरोटीनवाल्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेत असाच प्रयोग चालू होता, धूम्रपान करणाऱ्या आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेल्या लोकांवर. तिथे वाढ २८ टक्के निघाली आणि १९९६ च्या जानेवारीत तो ठरल्यापेक्षा २१ महिने आधी बंद करावा लागला. मग व्हिटॅमिन ई, ३५ हजारांवर पुरुष. २०११ मध्ये कळलं की नुसत्या ‘ई’वाल्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त.

मी हे वाचून दाखवलं तेव्हा मामा एवढंच म्हणाले, “म्हणजे मारलेली ओळच जळाली.”

नाना सिगारेट ओढत नाहीत, त्यामुळे त्यातला निम्मा धाक त्यांना लागू नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगितलं. डोळ्याच्या पडद्याच्या एका म्हातारपणीच्या आजारात डॉक्टर ठरावीक प्रमाणात अशा गोळ्या देतात आणि त्यांचा उपयोग होतो, हेही सांगितलं. पण नानांचा पडदा ठणठणीत आहे. समोरच्या विंगमध्ये कुणाकडे पाहुणे आले, हे ते गॅलरीतून ओळखतात.

खरी पंचाईत पुढे आहे. हे मुक्त मूलक नुसते चोर नाहीत. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला तेच वापरतात. आणि चालताना, पळताना स्नायूंत ते थोडे तयार होतात, तेव्हाच शरीर जागं होऊन स्वतःची राखण वाढवतं. २००९ मध्ये जर्मनीतल्या एका प्रयोगात तरुणांना चार आठवडे घाम गाळायला लावला. निम्म्यांना सोबत सी आणि ई. गोळी न घेतलेल्यांचं शरीर इन्सुलिनला नीट दाद द्यायला लागलं. घेतलेल्यांना व्यायामाचा तो फायदा मिळालाच नाही. म्हणजे नाना पहाटे पाचला उठून ट्रॅकवर पाच फेऱ्या मारतात आणि सातला घरी येऊन गोळीने त्या पुसून टाकतात. ट्रॅकवर गाठणाऱ्या त्या गृहस्थाला हे ठाऊक नसेल. किंवा असेल, तो स्वतः चालताना मला कधी दिसला नाही, बाकावरच असतो.

नाना जरा खट्टू झाले. मग विमान कारखान्याच्या माणसाला शोभेल अशा शिस्तीत म्हणाले, “ठीक. चाचणी घेऊ.”

मामांना हुरूप आला. तुमच्या दोन विंगा आहेत ना? ए विंगला तीन महिने गोळी द्या, बी विंगला देऊ नका. जिना, पाणी, हवा सगळं सारखं. नानांना हे एवढं पटलं की त्यांनी रात्रीच सोसायटीच्या ग्रुपवर सविस्तर निवेदन टाकलं आणि बी विंगच्या दाराला लाल रिबन बांधायचीही परवानगी मागितली.

सकाळपर्यंत सत्तेचाळीस मेसेज. बी विंगला पाणी उशिरा, पार्किंग मागे, लिफ्ट जुनी आणि आता गोळ्याही नाहीत. हा अन्याय किती दिवस सहन करायचा, असा सूर. रविवारी तातडीची सभा लागली आहे. बाकावरच्या त्या गृहस्थाला खास आमंत्रण आहे, आणि तो बी विंगसाठी वीस बाटल्या घेऊन येणार आहे.