गॅरेज टू गॅरेज

सोसायटीची अष्टविनायक यात्रा ठरली, तेव्हा बस ठरवायचं काम मी मागून घेतलं. उभा जन्म बँकेत कर्जाच्या फायली तपासण्यात गेल्यामुळे, समोरचा आकडा फुगवतोय हे मला त्याच्या श्वासावरून कळतं, असा माझा समज आहे. घरात हा समज माझ्या एकट्याचाच आहे.

ग्रुपवर मेसेज टाकला, 41 अंगठे आले. मी 35 सीटर बघू लागलो, कारण सगळेच काही येत नाहीत एवढं जग मी पाहिलंय. पैसे मागितल्यावर उरले 23. आता बसच्या भाड्याला माणसं गळाल्याचं काही सोयरसुतक नसतं. माणशी आकडा वाढला, की आणखी दोघांच्या घरी पाहुणे येतात. ते गळाले, की आकडा पुन्हा वर. असंच चाललं असतं तर 35 सीटरमधून मी एकटाच आठही गणपती करून आलो असतो. शेवटी फरक गुपचूप स्वतःच्या खिशातून घातला आणि बायकोला सांगितलं, ‘बसलं सगळं हिशेबात.’

एसटी प्रासंगिक करारावर मिळते, असं जोशीकाकांनी सुचवून पाहिलं होतं. पण मला पुशबॅक हवं होतं.

डोंबिवलीकरांना खरं तर ही यात्रा अगदी सोयीची. महड, पाली करून खंडाळ्याचा घाट चढायचा, थेऊर, मोरगाव, सिद्धटेक, रांजणगाव, ओझर, लेण्याद्री उरकायचे आणि माळशेज घाट उतरून कल्याणात. सहाशे किलोमीटरच्या आसपास छान गोल फेरी. पण तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना शास्त्रोक्त यात्रा हवी होती. मोरगावपासून सुरू, मोरगावलाच समाप्त, आणि मध्ये सिद्धटेक झालं की सह्याद्री उतरून पाली, महड, मग पुन्हा घाट चढून थेऊर. ‘हा क्रम लावणाऱ्यांना किलोमीटरमागे पैसे पडत नव्हते,’ असं मी म्हणून गेलो. काकूंनी नंतर आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं.

बसवाल्या शेठना गणपतींची यादी मोबाइलवर पाठवली, घाईत इंग्रजी अक्षरांत. त्यांचा अंदाज आला साडेसातशेच्या पुढे. मी लगेच श्वास ओळखला. ‘शेठ, नकाशा आम्हीही बघतो,’ असं ऐकवून शंभर किलोमीटर तोडून घेतले. माणूस वैतागून ‘बघा, तुम्हाला नंतर कळंल’ म्हणाला, त्याचाही मला आनंदच झाला. अटी त्यांनी एका दमात सांगितल्या: दिवसाला किमान 300 किलोमीटर, फिरा नाहीतर झोपून राहा. टोल, पार्किंग, ड्रायव्हरभत्ता वेगळा. घाटात एसी बंद. रात्री बाराला दिवस बदलतो. हिशेब गॅरेज टू गॅरेज. गॅरेज भिवंडीला होतं. मी मान डोलावली.

पहाटे चारला बस आली, म्हणजे मेन रोडवर आली. गल्लीत केबलच्या वायरी आड येत होत्या. फोटोतले जांभळे दिवे फोटोतच राहिले होते. सीट पुश व्हायची, बॅक यायला मात्र दोघं लागायचे. पुढच्या सीटसाठी 23 पैकी 11 जणांना बस लागत असल्याचं जाहीर झालं. त्यातले दोघे निवृत्त एसटी ड्रायव्हर. ‘रूटचा माणूस’ म्हणून कबूल झालेला ड्रायव्हर मेहुण्याच्या लग्नाला गेला होता. बदली आलेला लातूरकडचा, कोकणात पहिल्यांदाच उतरलेला, पण नम्र. मी त्याला म्हटलं, ‘यादी आहे ना? मग झालं तर.’ आणि झोपलो.

जाग आली ती बस थांबल्यावर. ‘साहेब, महाड आलं. गणपती कुठं विचारू?’

वरदविनायकाचं महड खोपोलीजवळ. आम्ही उभे होतो तिथून कितीतरी खाली, मुंबई-गोवा महामार्गावरच्या महाडला, वाटेतला पालीचा फाटा झोपेत सोडून. इंग्रजी अक्षरांत दोन्ही गावं सारखीच दिसतात, आणि शेठनी इमानदारीत हेच महाड धरून किलोमीटर लावले होते. टपरीवाल्याने आमची कपाळं बघूनच ओळखलं. ‘अष्टविनायकवाले ना? चहा घ्या आधी.’

बसमध्ये उठलेल्या कुजबुजीला मी ‘एक्स्प्रेस वेवर ट्रॅफिक असतं, म्हणून’ एवढंच मोघम उत्तर दिलं. वाक्य पूर्ण केलं नाही, म्हणजे ते खोटंही ठरत नाही. वाचवलं ते शाळेतून निवृत्त झालेल्या सावंतसरांनी. ‘इथवर आलोय तर चवदार तळं बघितल्याशिवाय हलायचं नाही,’ म्हणत त्यांनी सगळ्यांना उतरवलं. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी या तळ्याचं पाणी घेतलं, इथपासून सुरुवात करून सर अर्धा तास बोलले. अख्ख्या प्रवासात ‘आणखी किती वेळ?’ असं कुणी विचारलं नाही, ते एवढ्याच ठिकाणी.

मग पाली, मग खरं महड, थेऊर, आणि मोरगावला रात्री मुक्काम. दुसऱ्या दिवशी सिद्धटेक, रांजणगाव, ओझर भराभर झाले. घोळ झाला लेण्याद्रीला. तिथे तीनशेच्या वर पायऱ्या, आणि बस लागणाऱ्या अकराही जणांना त्या लागल्या. सगळे खाली येऊन सरबत पिऊन मोजून होईपर्यंत काळोख पडला.

माळशेज उतरताना माझी नजर घाटाकडे नव्हती, घड्याळाकडे होती. बाराच्या आत डोंबिवली, नाहीतर तिसऱ्या दिवसाचे 300 किलोमीटर. टोकावड्याला कुणी चहा मागितला, नाही म्हटलं. मुरबाडला मुलांना ‘जायचं’ होतं, त्यांना मी वडीलधाऱ्या माणसाला न शोभेल असं काहीतरी म्हणालो. बायकोने तेव्हाच हळूच विचारलं, ‘सगळं बसलंय ना हिशेबात?’

साडेअकरा झाले. मी केबिनमध्ये जाऊन ड्रायव्हरला म्हणालो, ‘अर्ध्या तासात पोचतोय. शेठना सांगा, दिवस बदलत नाही.’

तो बिचारा ओशाळला. ‘साहेब, तुमच्या दारात न्हाई ओ. बाराला गाडी भिवंडीत लागाया पायजे. गॅरेज टू गॅरेज.’

मागे काकू जाग्याच होत्या. यात्रेला निघाल्यापासून पहिल्यांदाच माझ्याशी थेट बोलल्या. ‘म्हणजे उद्याचं भाडं तू भरतोच आहेस?’

‘हो.’

‘मग गोवेलीला गाडी उजवीकडे घ्यायला सांग. टिटवाळ्याची पहाटेची आरती गाठू.’