आ वासलेला डबा

शाळेत अटल टिंकरिंग लॅब आली आणि आमच्या चाळीतल्या सगळ्या बिघडलेल्या वस्तू माझ्या नावावर झाल्या. "नववीत इलेक्ट्रॉनिक्स शिकतोस ना? मग बघ की जरा," म्हणत शेजारच्या काकूंनी मिक्सर आणून टेकवला. मिक्सर २३० व्होल्टचा, माझं सगळं ज्ञान पाच व्होल्टचं.

निती आयोगाच्या या योजनेत शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, हा आकडा आजोबांना तोंडपाठ. त्यामुळे पहिला धडा काय झाला, ते मी घरी फारसं बोललो नाही. दिवा एक सेकंद लावायचा, एक सेकंद विझवायचा. आजोबा हेच काम बटणाने करतात, तेही अनुदानाशिवाय.

हा दिवा लावतं आर्डुइनो नावाचं निळं सर्किट. त्याचा जन्म २००५ सालचा, इटलीतल्या इव्रेआ गावचा. नाव पडलं तिथल्या एका बारवरून. हे मुख्याध्यापकांना कोणी सांगितलेलं नाही. खंडेनवमीला त्यांनी त्यालाही हळदकुंकू वाहिलं, फक्त पिनांवर सांडू दिलं नाही.

कोडिंगचा जाच वेगळाच. एक अर्धविराम राहिला की संगणक अख्खा प्रोग्रॅम तोंडावर फेकतो. मराठीच्या बाई कितीही कडक असल्या, तरी अर्ध्या मार्कावर भागवतात. शिवाय या यंत्राला अक्कल शून्य. सांगाल तेवढंच करणार, पण तेवढं करणारच. आमच्या घरात असं एकही माणूस नाही.

विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही हात पुढे केला की उघडणारी कचरापेटी केली. (प्रत्येक शाळा हीच करते.) तिच्यावरचा सेन्सर माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडतो, तो आपटून परत यायला लागलेला वेळ मोजतो. त्या वेळेला आवाजाच्या वेगाने गुणायचं आणि दोनने भागायचं, कारण आवाज जातोही आणि येतोही. आजी म्हणाली, "झाकण उघडेल रे, पण कचरा टाकायला कोण उठणार?"

पाहुणे आले. डब्याला खेटून उभे राहिले आणि देशाच्या तांत्रिक भविष्यावर बोलू लागले. झाकण उघडलं. भाषण लांबलं. सर डोळे वटारून मला खुणावत होते, "बंद कर, बंद कर!" पण कोडमध्ये स्पष्ट लिहिलं होतं: समोर वीस सेंटिमीटरच्या आत कोणी असेल, तोवर उघडं राहायचं. डबा आभारप्रदर्शनापर्यंत आ वासून ऐकत होता. सभागृहात एवढ्या लक्षपूर्वक ऐकणारा तो एकटाच.