तांत्रिक खंड साहेबांस अनावृत पत्र

प्रति,
मा. श्री. तांत्रिक खंड साहेब,
मुक्काम: प्रत्येक कंत्राटी आदेशाची शेवटची ओळ.

विषय: खासगी वैद्यकीय व्यवसायास दिलेल्या भरीव चालनेबद्दल आभार.

महोदय,

सरकारी दवाखान्यात डॉक्टर टिकत का नाहीत, यावर आजवर कितीतरी समित्या बसल्या आणि उठल्या. कुणी पगाराला दोष देतं, कुणी शहरी पोरांच्या नाजूकपणाला, कुणी थेट पैशाच्या हावरेपणाला. तुमचं नाव मात्र कुणी घेत नाही. एवढं काम करून इतका संकोची स्वभाव दुर्मिळच. म्हणून म्हटलं, निदान एका जुन्या लाभार्थ्याने तरी जाहीर ऋण मानावं.

वाचकांना तुमची ओळख करून देतो. डॉक्टरची अकरा महिन्यांची ऑर्डर संपते. मग एक दिवस तो नोकरीत नसतो. त्यानंतर तोच डॉक्टर त्याच खुर्चीत ‘नव्याने’ रुजू होतो. मधला तो एक दिवस म्हणजे आपण. रुग्ण तेच, खोकला तोच, गळकं क्वार्टरही तेच; पण सलग सेवा मोडते. ती मोडली की वेतनवाढ, ज्येष्ठता, निवृत्तिवेतन, कायम करा म्हणण्याचा हक्क, या सगळ्या कटकटीतून शासन मोकळं. एका दिवसात एवढं काम उरकणारा दुसरा अधिकारी मंत्रालयातही सापडायचा नाही.

घराणंही आपलं जुनं. हरियाणात शिक्षकांना उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर काढायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा हंगामी भरायचे. 1985 मध्ये रतनलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकाराचे वाभाडे काढले. आपण डगमगला नाहीत. पुढे 2006 मध्ये उमादेवी निकाल आला: नियम डावलून घेतलेल्या हंगामी माणसाला कायम होण्याचा हक्क नाही. सरकारांनी तो निकाल उराशी धरला. मागचं दार उघडं कुणी ठेवलं होतं, हे विचारायची पद्धत नाही. त्या निकालाच्या अशा गैरवापरावरून डिसेंबर 2024 मध्ये जग्गो खटल्यात न्यायालयाने पुन्हा कान उपटले. आपली तब्येत त्यानंतरही ठणठणीत आहे, असं ऐकतो.

आपलं पहिलं दर्शन मला प्राथमिक आरोग्य केंद्रात घडलं. ऑर्डर आदल्या संध्याकाळी संपलेली, पहाटे बाळंतीण आली. सिस्टर दारात उभ्या. “सर, आज तुमचा ब्रेक ना? सही कुणाची घेऊ?” बाळाला शासन निर्णय ठाऊक नव्हता, गळ्याभोवती नाळेचा वेढा घेऊन ते निघालं होतं. हातमोजे चढवले, वेढा सोडवला, बाळ रडलं, आईला ऑक्सिटोसिन दिलं. रजिस्टरात प्रसूती सिस्टरांच्या नावे लागली आणि मस्टरवर माझ्या नावापुढे लाल शाईत आपण विराजमान झालात. काही बिनसलं असतं, तर नातेवाइकांनी कॉलर माझी धरली असती आणि कार्यालयाने छातीठोकपणे कळवलं असतं की त्या दिवशी तिथे डॉक्टर कार्यरत नव्हता.

नवी ऑर्डर दुसऱ्या दिवशी निघते हेही कागदावरच. प्रत्यक्षात फाईल टेबलावरून टेबलावर फिरते, डॉक्टर काम करत राहतो आणि मानधनाचं विचारलं की उत्तर येतं, “ग्रँट आली नाही.” राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जाहिरातीत एमबीबीएस डॉक्टरला महिना 60,000 रुपये दिसतात. तो आकडा मला कधीच फारसा खुपला नाही. खुपली ती बँक. घरकर्जाला गेलो तर मॅनेजरने ऑर्डर उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब, कर्ज वीस वर्षांचं, तुम्ही अकरा महिन्यांचे.” त्याच बँकेने पुढे स्वतःच्या दवाखान्यासाठी मात्र हसत कर्ज दिलं. वर चहा.

खासगीत काही स्वर्ग नाही, साहेब. हप्ता आहे, मध्यरात्रीचे फोन आहेत, रुग्ण पाठवतो म्हणून कट मागणारे व्यवसायबंधू आहेत, आणि गरिबाचं बिल लिहिताना हात जड होतो तो वेगळाच. पण पुढच्या वर्षी या वेळी मी कुठे असेन, हे मला ठाऊक असतं.

एक गंमत तुम्हालाही आवडेल. शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस होणाऱ्या पोराकडून शासन बंधपत्र लिहून घेतं: एक वर्ष सेवा दे. ऐन तारुण्यातल्या पोराकडून आणाभाका घ्यायच्या, आणि स्वतः मात्र बारावा महिनाही द्यायचा नाही! त्याला शिकवणाऱ्या सहायक प्राध्यापकांतले कितीतरी वर्षानुवर्षं 120 दिवसांच्या तदर्थ नेमणुकीवर. गुरूच दर चार महिन्यांनी संपत असेल, तर शिष्याने सरकारी सेवेचं कोणतं स्वप्न बघायचं?

बरं, वर चढून गेलं तर सुटका होते म्हणावं, तर ऑक्टोबर 2023 मधलं नांदेड आठवतं. शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले आणि पाहणीला आलेल्या खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन त्यांच्याकडून शौचालय साफ करून घेतलं. अधिष्ठाता तरी कायम होते का? प्रभारी! आपल्या गोतावळ्यातलेच. औषधं का नव्हती, जागा का भरल्या नव्हत्या, हे ज्यांना विचारायचं त्यांच्या हातात झाडू देण्याची सोय अजून निघालेली नाही.

देशभरातल्या ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत तज्ज्ञांची उणीव सुमारे 80 टक्के, असं केंद्र सरकारचीच आकडेवारी सांगत आली आहे. यावर उपाय म्हणून मंत्रिमहोदय पदवीदान समारंभात सांगतात: प्रकाश आमट्यांकडे बघा, अभय बंगांकडे बघा, मेळघाटातल्या कोल्हे दांपत्याकडे बघा. बघतो की. हेमलकसा, शोधग्राम, बैरागड. यांतलं एकही काम अकरा महिन्यांच्या सरकारी ऑर्डरीवर उभं राहिलेलं नाही, एवढं भाषण लिहिणाऱ्याच्या नजरेतून सुटलं असावं.

तमिळनाडूकडे मात्र फारसं बघू नका, वाईट वाटेल. त्यांनी 2012 मध्ये आरोग्यसेवेच्या भरतीसाठी वेगळं मंडळच काढलं; सेवेतल्या डॉक्टरांना पदव्युत्तर प्रवेशात राखीव वाटा तर आधीपासूनच होता. खेड्यात काही वर्षं काढली की पुढचं दार उघडतं, असं तिथल्या पोराला दिसतं. असल्या सवयी इकडे पुरत्या मुरल्या, तर आपल्या पोटावर पाय येईल.

तूर्त काळजीचं कारण नाही. माझ्या जुन्या केंद्रातली माणसं आता पदरचं भाडं खर्चून, फी देऊन माझ्याकडे तपासायला येतात. आपण नसता तर ती मला फुकटात तपासावी लागली असती. आणि माझ्या जागी आलेला मुलगा परवा भेटून गेला. हुशार आहे, हात हलका आहे. ऑर्डर महिनाअखेरीस संपते म्हणाला, आणि बाजारपेठेत एखादा गाळा भाड्याने मिळेल का, असं विचारत होता. मेडिकलच्या शेजारचा रिकामा आहे. मालकाशी बोलून ठेवलंय.

कळावे,
आपला कृपाभिलाषी,
एक माजी कंत्राटी वैद्यकीय अधिकारी
(सेवा: खंडित)