दुसऱ्या घराची हौस

युरोपातील एखाद्या नगरीत आपले दुसरे घर असावे, ही आकांक्षा आमच्या धनिकवर्गात हल्ली इतकी बळावली आहे, की पोर्तुगालने 2012 साली पाच लाख युरोंच्या मिळकतीच्या बदल्यात निवासाचा परवाना देण्याचा जो उदार उपक्रम आरंभिला होता, तो लिस्बनच्या मूळ रहिवाशांनाच पहिले घर परवडेनासे झाल्याच्या ओरडीनंतर 2023 साली घरखरेदीपुरता बंद झाला, तेव्हा सुतक पडले ते आमच्याकडील दिवाणखान्यांत. रिझर्व्ह बँक माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर नेण्याची मुभा देते, आणि तरीही घर नाही!

या मंडळींनी एकवार नगर-पाथर्डी रस्त्यावरील तिसगावाकडे यावे. दुसऱ्या घराच्या विद्येत हा पाथर्डी तालुका पिढ्यान्‌पिढ्या पारंगत आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेले जोडपे चूल, भांडी, शेळी आणि लेकरे यांसह परमुलखातील साखर कारखान्याच्या हद्दीत जाते आणि चार बांबू व एक ताडपत्री एवढ्या सामग्रीवर, वाकल्यावाचून आत शिरता येणार नाही अशी कोपी उभारून, हंगाम सरेपर्यंत तेथे नांदते. खरेदीखत नाही, फेरफार नाही, तलाठ्याची मनधरणी नाही. तिकडे पैसे आधी मोजल्यावर वास्तव्याची मोकळीक मिळते, इकडे पैसे आधी घेतल्यामुळे ती गहाण पडते, एवढाच काय तो तपशिलाचा भेद.

तेव्हा हळहळ पुरे. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. इच्छुकांनी तत्पूर्वी मुकादमाची गाठ घ्यावी.