स्वप्नात आंबा दिसणे

‘देवगड हापूस आंबा ऑनलाइन खरेदी करण्यासाठी तुम्ही उत्तम देवगड हापूस आंबा शोधत आहात का? आमचा देवगड हापूस आंबा हा सर्वोत्तम देवगड हापूस आंबा असून देवगड हापूस आंबा दर, देवगड हापूस आंबा पेटी आणि देवगड हापूस आंबा होम डिलिव्हरी यांसाठी आमच्या देवगड हापूस आंबा वेबसाइटला आजच भेट द्या.’

हा मजकूर लिहिणारा पूर्ण शुद्धीत होता. शिवाय त्याला याचे पैसेही मिळाले. जो माणूस हे वाचतोय तो त्या वेबसाइटवर आधीच येऊन बसलाय, तरी त्याला ‘आजच भेट द्या’ म्हणून बजावलंय. पण माणसाने हे वाचावं अशी कुणाची अपेक्षाच नाही. हे गूगलसाठी लिहिलंय.

वेबसाइट आमच्या मामांची. देवगड तालुक्यात त्यांची कलमं आहेत. मोसमात आंबा उतरवायचा, पेट्या भरायच्या, वाशीच्या बाजारात पाठवायच्या आणि पट्टी येईल ती मुकाट्याने मोजून घ्यायची, असा त्यांचा व्यवसाय. मामेभावाने ठरवलं, की दलाल वगळून थेट गिऱ्हाइकाला विकायचं. त्यासाठी वेबसाइट, आणि वेबसाइट लोकांना सापडावी म्हणून एक एजन्सी. गूगलवर लोकांना वर आणून देणारी ही एजन्सी मामेभावाला कुठे सापडली म्हणाल, तर एका लग्नाच्या पंगतीत.

एजन्सीने पहिल्याच महिन्यात कीवर्डची यादी पाठवली. चारशेच्या वर शब्द. शेजारी ‘महिन्याला किती शोध’ आणि ‘स्पर्धा’ असे रकाने. सगळ्यात वर, हिरव्या रंगात, ‘आंबा’. मामांनी चष्मा पुसला आणि विचारलं, “नुसतो आंबो म्हणून कोण शोधता रे?”

या प्रश्नाला एजन्सीकडे उत्तर नव्हतं. ते आम्ही देतो. ‘आंबा’ हा शब्द शोधतात ती मुलं, ज्यांना उद्या ‘माझे आवडते फळ’ हा निबंध वहीत उतरवून न्यायचा आहे. त्यांच्यानंतर मधुमेही मंडळी; त्यांना आंबा खाल्ला तर चालेल का हे विचारायचं असतं, आणि ‘चालेल’ असं सांगणारं पान सापडेपर्यंत ती पानं उलटत राहतात. मग स्वप्नात आंबा दिसणे शुभ की अशुभ हे बघणारे. मग पावसाळ्यात कोल्हापूरहून रत्नागिरीकडे निघालेले, कारण त्यांना आंबा घाट हवा असतो. रोमन लिपीत टाइप केलं तर अमरावतीच्या अंबादेवीचे भक्तही याच रांगेत येतात. पेटी विकत घेणारा या गर्दीत कुठेतरी असेलही, पण तो ‘आंबा’ एवढंच टाइप करून थांबत नाही. तो लिहितो, ‘hapus amba peti rate pune’, म्हणजे मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत आणि शुद्धलेखनाला कायमची रजा देऊन. हापुस, हापूस, हाप्पुस, अल्फान्सो, अल्फांझो. घाईत बोट घसरलं तर अल्फोन्सा. एजन्सीच्या यादीत यातलं ‘हापूस’ सोडून एकही रूप नव्हतं, कारण यादी करणाऱ्याचं शुद्धलेखन चांगलं होतं.

बरं, ते ‘स्पर्धा’ रकान्याचं काय? ‘अस्सल पारंपरिक नैसर्गिक हापूस’ या शब्दांपुढे ‘स्पर्धा : कमी’ असं होतं, आणि त्यावर एजन्सीने आनंदाने तीन उद्गारचिन्हं टाकली होती. गूगलच्या कीवर्ड प्लॅनरमधला हा रकाना जाहिरातदारांसाठी आहे. त्या शब्दावर जाहिरातीची बोली लावणारे किती, एवढंच तो सांगतो. फुकटात वर यायला किती झगडावं लागेल, याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि जो माणूस जाहिरातीवर फारसा खर्च करत नाही, त्याला गूगल शोधांचा नेमका आकडाही दाखवत नाही. ‘१०० ते १ हजार’ असा मोघम पट्टा दाखवतं. शंभर की हजार, यात एका मोसमाचं नफा-नुकसान आहे. एजन्सीने मधला आकडा धरून आलेख काढला. आलेख वर जात होता. एजन्सीचे आलेख वर जातातच, खाली जाणारा आलेख त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये नसावा.

पुढे कळलं, की वेबसाइटच्या पोटात, गिऱ्हाइकाला न दिसणाऱ्या एका कप्प्यात, एजन्सीने चाळीस-पन्नास कीवर्ड कोंबून ठेवलेत. याला ‘मेटा कीवर्ड’ म्हणतात. नव्वदच्या दशकात अल्टाव्हिस्टासारखी सर्च इंजिनं या कप्प्यावर विश्वास ठेवत. लोकांनी त्यात इतकी खोटी भरताड केली, की क्रमवारी लावताना आम्ही या कप्प्याकडे बघतच नाही, असं गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर करून टाकलं. कप्पा मात्र अजून इमाने इतबारे भरला जातो आणि बिलात त्याची वेगळी ओळ असते. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लिहायचे, म्हणजे माणसाला दिसणार नाहीत आणि यंत्राला दिसतील, ही विद्याही त्याच काळातली. यात फक्त लहान माणसंच अडकतात असं नाही. २००६ साली बीएमडब्ल्यूची जर्मन वेबसाइट असल्याच शब्द कोंबलेल्या पानांपायी गूगलने यादीतून काढून टाकली होती. २०११ मध्ये अमेरिकेतल्या जेसी पेनी या बड्या दुकानसाखळीची शोभा झाली. काही संबंध नसलेल्या साइटींवर पेरलेल्या लिंकांच्या जोरावर ती कपड्यांपासून सतरंज्यांपर्यंत सगळ्या शोधांत पहिली येत होती. न्यूयॉर्क टाइम्सने बातमी छापली आणि ती धाडकन खाली आली.

एजन्सीची पुढची सूचना नावाबद्दल होती. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये एका हॉटेलाचं नावच ‘थाई फूड निअर मी’ आहे, तेव्हा मामांनीही ‘हापूस निअर मी’ हे नाव घ्यावं. मामांनी विचारलं, “नियर म्हणजे कोणाच्या नियर?” बाग देवगडला, गिऱ्हाईक कोथरूडला, आणि मधे घाट. हा विषय तिथेच संपला.

मग जाहिरातींचा प्रस्ताव आला. गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये ॲडवर्ड्स ही जाहिरातसेवा सुरू केली तेव्हा साडेतीनशे जाहिरातदार होते. आता आमचे मामाही त्यांत. कीवर्डवर बोली लावायची आणि कुणी क्लिक केलं की पैसे द्यायचे. एजन्सीच्या पोरांना वाटलं, म्हाताऱ्याला हे समजावताना दिवस जाईल. पण मामांना ते पाच मिनिटांत समजलं. आंब्याच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरताना त्यांनी पाहिलेत. दुसऱ्याने किती सांगितले हे कळायचं नाही, आपल्याला किती पडले हे शेवटी कळायचं, आणि दोन्हीकडून कमावणारा मधे बसलेला. दलाल टाळायला म्हणून वेबसाइट काढली आणि दलाल कॅलिफोर्नियात सापडला, एवढाच काय तो फरक.

याच प्रस्तावात एक चाणाक्ष ओळ होती. शेजारच्या गावातल्या नावाजलेल्या बागायतदाराचं नाव कीवर्ड म्हणून विकत घ्यावं, म्हणजे त्यांना शोधणाऱ्याला आपली जाहिरात दिसेल. ‘अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्स’ या नावावरून चाललेल्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितलंय, की दुसऱ्याचा ट्रेडमार्क कीवर्ड म्हणून लावणं हा त्या ट्रेडमार्कचा वापरच ठरतो. मात्र ग्राहकाची फसगत होत नसेल, तर तेवढ्यावरून उल्लंघन होत नाही. मामांनी निकाल वाचलेला नाही. ते म्हणाले, त्या बागायतदाराच्या घरी आपली पोरगी दिलीय. कीवर्ड प्लॅनरमध्ये सोयरिकीचा रकाना नाही.

तोवर एप्रिल उजाडला. एजन्सीने नम्रपणे कळवलं, की एसईओचा, म्हणजे गूगलवर फुकटात वर येण्याच्या खटपटीचा, परिणाम दिसायला सहा महिने लागतात. यात ते खोटं बोलत नव्हते. इतका काळ लागतोच. प्रश्न असा, की आंबा सहा महिने थांबत नाही. हापूसचे शोध मार्चमध्ये वाढू लागतात, अक्षय तृतीयेच्या आसपास जोरात असतात आणि पहिला पाऊस पडला की विझतात. एजन्सीने काम फेब्रुवारीत सुरू केलं. म्हणजे मामांची साइट वर येणार ती श्रावणात, जेव्हा ‘हापूस’ शोधणारा माणूस एकच उरतो, आणि तो आमरसाच्या डब्यावरची एक्स्पायरी तपासत असतो.

या सगळ्या काळात मामी ओटीवर फोन घेत बसल्या होत्या. पेट्यांची ऑर्डर लिहायची वही त्यांच्याजवळ असते आणि त्यात गिऱ्हाइकाचं बोलणं त्या जसंच्या तसं उतरवतात, कारण नंतर भांडण झालं तर उपयोगी पडतं. आम्ही ती वही चाळली. ‘पाच डझनच्या पेटीत फळ केवढं असतं?’ ‘आज पाठवलात तर शनिवारी सत्यनारायणाला पिकेल का?’ ‘आढी कशी घालायची? गवत नसेल तर तांदळात चालतो का?’ ‘कर्नाटकाचा आणि तुमचा कसा ओळखायचा?’ ‘कार्बाइड नाही ना?’ ‘मुलगी न्यू जर्सीला असते, तिला पाठवाल का?’ (नाही. अमेरिकेने २००७ पासून भारतीय आंबा घ्यायला सुरुवात केली, पण त्यावर आधी ठरलेल्या केंद्रात विकिरण प्रक्रिया व्हावी लागते. मामी हे न कंटाळता समजावतात, आणि पलीकडची आई ‘दोनच डझन हो’ म्हणते.) आणि पानापानावर एकच प्रश्न, ‘साका निघाला तर बदलून देणार का?’

हापूस कापल्यावर गर आतून पांढुरका, स्पंजासारखा निघाला, की त्याला साका म्हणतात. वरून फळ देखणं, सोनेरी. सुरी घातल्याशिवाय काही कळत नाही. शेकड्यांनी पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला रात्री झोप लागू न देणारा शब्द हाच. एजन्सीच्या चारशे शब्दांत तो नव्हता. मामा म्हणाले, “गिरायक इचारता तां खंयच नाय.” २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, पालघर, ठाणे आणि रायगड या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, ‘कर्नाटकाचा कसा ओळखायचा’ याचं उत्तर तिथून सुरू होतं, आणि मामांच्या साइटवर मानांकनाबद्दल चकार शब्द नव्हता. तिथे ‘देवगड हापूस आंबा’ मात्र चाळीस वेळा होता. रोज जे शोधलं जातं त्यातलं सुमारे १५ टक्के यापूर्वी कुणी कधीच शोधलेलं नसतं, असं गूगल स्वतः सांगतं. ते कुठल्याच तयार यादीत सापडणार नाही हे उघड आहे. वहीत सापडण्याची थोडी शक्यता आहे.

वहीची बातमी मामेभावाने एजन्सीला कळवली. एजन्सी हुशार. पुढच्या बिलात ‘ग्राहकसंवाद संशोधन’ अशी नवी ओळ आली. संशोधन म्हणजे मामींच्या वहीचे फोटो. त्यावरून यंत्राकडून लेख लिहून घेतला : ‘साका म्हणजे काय? साका हापूस आंबा माहिती. सर्वोत्तम साका हापूस आंबा कुठे खरेदी करावा?’ यंत्राने यंत्रासाठी लिहिलेल्या या लेखामुळे सध्या मामांची साइट साका निघालेले आंबे विकणारी महाराष्ट्रातली पहिली साइट म्हणून गणली जाण्याची शक्यता आहे.

शेवटी मामेभावाने स्वतः सर्च कन्सोल उघडलं. हे साधन गूगल फुकट देतं. लोक कोणते शब्द टाइप करून आपल्या साइटपर्यंत आले, याचा मागच्या सोळा महिन्यांचा हिशेब त्यात असतो, आणि एजन्सीने तो एकदाही दाखवला नव्हता. पहिल्या क्रमांकावर होतं मामांचं नाव, पुढे ‘आंबेवाले’, आणि त्याच्या पुढे ‘फोन नंबर’.

फोन नंबर साइटवर नव्हता. एजन्सीने त्या जागी एक सुंदर फॉर्म ठेवला होता, आणि तो भरला की मेल एजन्सीलाच जात होता. ज्यांनी यंदा फॉर्म भरला आणि आंबे आले नाहीत, त्यांनी राग मानू नये. नंबर आता पानाच्या अगदी वर, मोठ्या अक्षरांत टाकलाय. पेटी हवी असल्यास थेट फोन करावा. मामी दुपारी दोन ते चार झोपतात.