गळ्यात दुर्बीण, तोंडात ‘लायफर’

ऐकलंत का? तुमच्या कानावर आलं असेलच म्हणा, पनवेलात गोष्ट लपते कुठे! आमच्या सोसायटीतले बँकेतून निवृत्त झालेले काका, ज्यांनी उभ्या जन्मात रिक्षावाल्याला पाच रुपये जास्त दिले नाहीत, त्यांनी पंचवीस हजारांची दुर्बीण घेतली. पंचवीस हजार! काकूंच्या फ्रीजसाठी ठेवलेली मुदतठेव मोडून! काकूंनी तीन दिवस अबोला धरला आणि चौथ्या दिवशी, ऐका बरं का, त्याच दुर्बिणीतून समोरच्या उंबरावरचा हरियाल पाहिला. महाराष्ट्राचा राज्यपक्षी गॅलरीतून दिसतो म्हटल्यावर काय! आता अबोला काकांनी धरलाय, कारण दुर्बीण परत मिळत नाही.

हे एवढंच एक घर असतं तर गप्प बसता आलं असतं. पण साथच आलीय हो! पावसाळ्यातल्या रविवारी पहाटे पनवेल स्टँडवर पेणची एसटी बघा. मातकट टोप्या, मातकट विजारी, गळ्यात ते काळं लोढणं, आणि तोंडी एकच जप: ‘लायफर’. म्हणे आयुष्यात पहिल्यांदा दिसलेला पक्षी. चुलतमेहुण्याचं नाव आठवत नाही, पण कोणत्या साली कोणत्या ओढ्यावर कोणता लायफर मिळाला ते तोंडपाठ. गटारीच्या रविवारीसुद्धा जातात! घरची कोंबडी सोडून रानातली पाखरं बघायला, तीही नुसती बघायलाच. आता बोला.

उतरतात कुठे, तर बारा-तेरा किलोमीटरवर कर्नाळ्याला. अंगठ्यासारखा सुळका मिरवणारा तो किल्ला आपण शाळेच्या सहलीत पाहिला आणि विसरलो. या मंडळींना किल्ल्याशी देणंघेणंच नाही. त्यांना खालचं जंगल हवं. १९६८ पासून तिथे पक्षी अभयारण्य आहे आणि हरियाल व मोरटाका अशा दोन निसर्गवाटा. त्या वाटांवर मंडळी मान वर करून तासन् तास उभी. कोणासाठी म्हणाल तर ‘तिबोटी’साठी. तिबोटी खंड्या: जेमतेम चिमणीएवढा जीव, पिवळं पोट, डोक्यावर जांभळट शेंदरी झाक, चोच लालभडक. पावसाबरोबर येतो, ओढ्याकाठच्या मातीत बीळ करून पिल्लं काढतो. रायगड जिल्ह्याचा मानाचा पक्षी! एवढ्याशा पाखरापायी घरोघरी मुदतठेवी मोडतायत.

आणि त्या दुर्बिणीचा खोका बघितलात? वर शिंगवाल्या हरणाचं चित्र, खाली ठसठशीत ‘हंटिंग’. आमच्या आजी तर घाबरल्याच. अहो, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर पनवेलात शिकार करायची ती कोणाची? परदेशात शिकारी हे मोठं गिऱ्हाईक, म्हणून खोका तसा. पण शिकाऱ्याला जे लागतं तेच पाखरंवाल्यालाही लागतं: पहाटेच्या अंधुक उजेडात दिसलं पाहिजे, पावसात टिकलं पाहिजे, चाक फिरवताच फोकस झाला पाहिजे. सलीम अलींचंच बघा. पोरवयात हवाई बंदुकीनं पिवळ्या गळ्याची चिमणी पाडली, ती ओळखून घ्यायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथून जन्मभराचं वेड लागलं. १९३० मध्ये आपल्याच जिल्ह्यात, अलिबागजवळ किहीमला, सुगरणींचा संसार बघत बसले होते. तेव्हा हे वेड आजचं नाही. आज फक्त ते हप्त्यांवर मिळतं.

खरा बभ्रा झाला तो ए विंगमधल्या एका पठ्ठ्याचा. ऑनलाइन मागवली, ‘६०×६०’. दीड हजारात! भिंगं लालचुटुक, वर ‘नाइट व्हिजन’. कर्नाळ्यात डोळ्याला लावली तर सगळं जंगल हिरवट आणि शिवाय थरथरतंय. ग्रुपनं तोंडावर अवाक्षर काढलं नाही, व्हॉट्सॲपवर मात्र आठवडाभर सण साजरा झाला.

अहो, पहिला आकडा म्हणजे पट, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ८×४२ मध्ये ऐंशी मीटरवरचा पक्षी दहा मीटरवर बसल्यासारखा दिसतो. पट वाढवाल तसा हाताचा कंपही तितक्याच पटीनं वाढतो. दहाच्या वर गेलात की बहुतेकांना ट्रायपॉड लागतो. साठपट हातात धरणारा माणूस अजून पनवेलात जन्मायचाय. आता दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागा: ४२ भागिले ८, सव्वापाच मिलिमीटर. एवढी उजेडाची चकती डोळ्यात शिरते. खिशात मावणारी १०×२५ घेतलीत तर अडीचच. उन्हात चालून जातं. पण आषाढातल्या कर्नाळ्यात झाडाखाली सकाळी आठलाही संध्याकाळ असते; तिथे अडीच मिलिमीटरमधून तुमचा तो रंगीबेरंगी तिबोटी काळाठिक्कर दिसणार. शिवाय पट वाढली की दृश्य अरुंद होतं. फांद्यांमागचा पक्षी दहापटीत शोधेस्तोवर तो पेणला पोचलेला असतो. नेरूळच्या पाणथळीवरचे रोहित किंवा उरणकडच्या चिखलातले लांबचे तुतवार बघायचे असतील तर दहापट घ्या, कोणी काही म्हणणार नाही.

दुकानात गेलात की विक्रेत्याच्या तोंडाकडे बघू नका. दुर्बीण हातभर लांब धरा, पुढची तोंडं उजेडाकडे करा आणि डोळ्याकडच्या काचेतला उजेडाचा ठिपका बघा. गोल गरगरीत असेल तर आतला प्रिझम चांगला, बहुधा बीएके-४ काचेचा. कडा कापल्यासारख्या चौकोनी आणि करड्या दिसल्या तर स्वस्तातला. चष्मेवाल्यांनी आयकप आत दाबून चष्म्यासकट बघायचं. आय रिलीफ पंधरा मिलिमीटरच्या पुढे हवा, नाहीतर चित्राच्या कडा गायब. मग उजव्या नळीवरची डायॉप्टरची कडी. उजवा डोळा झाकून मधल्या चाकानं डाव्याचं चित्र स्वच्छ करा, मग डावा झाकून उजव्यासाठी फक्त कडी फिरवा. एकदा बसवली की तिला हात लावायचा नाही. काकांच्या घरचं अर्धं भांडण या कडीचंच आहे.

आणि किमतीचं पाप? दहा-पंधरा हजारांत सभ्य ८×४२ मिळते, जन्मभराची सोबत होईल अशी. पण दोन लाखांच्या पुढची ऑस्ट्रियाची स्वारोव्हस्की गळ्यात घालणारेही असतात आणि तिच्याकडे बघणारे पक्ष्यांकडे बघत नाहीत. त्याच कंपनीनं २०२४ मध्ये पक्ष्याचं नाव स्वतःच सांगणारी दुर्बीण आणली. मग माणसानं काय करायचं? नुसती धरायची?

पण हे सगळं परवडलं. लाज वाटावी असं पुढेच आहे. एवढी हौसेनं घेतलेली वस्तू पावसाळा ओसरताच कातडी पेटीत घालून लोखंडी कपाटात कोंबतात, शेजारी डांबरगोळ्या! दिवाळीला काढून बघतात तर चित्र धुरकट. पुढच्या बाजूनं टॉर्च मारा आणि मागून बघा: कडेपासून आत पसरलेले पांढरे तंतू, कोळ्याच्या जाळ्यासारखे. ती बुरशी. तिचं आम्ल काचेवरचा लेप खातं. साफ केली तरी डाग राहतो, आणि उघडताना दोन नळ्यांचा मेळ बिघडला तर एकाचे दोन तिबोटी दिसू लागतात. तेव्हा बजेटमध्ये बसत असेल तर नायट्रोजन भरलेली, जलरोधक घ्या. ती आतून वाफ धरत नाही. बाहेरची काच मात्र तुम्हीच सांभाळायची. जंगलातून आलात की पंख्याखाली पूर्ण वाळवा आणि मग घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ओल प्यायले समजा. स्वयंपाकाला न लागणाऱ्या जुन्या भांड्यात मंद तापवून पुन्हा निळे करा. आणि मधूनमधून वापरा. हवा-उजेड खाणाऱ्या दुर्बिणीला बुरशी सहसा शिवत नाही.

पुसण्याचं तर विचारूच नका. एक पदरानं पुसते, दुसरा शर्टाच्या टोकानं. काचेवर धुळीचा एक कण असला तरी लेपावर ओरखडा उमटतो. आधी ब्लोअरनं फुंकर, मग मऊ ब्रश, आणि शेवटी स्वच्छ मायक्रोफायबरनं हलका हात.

आता शेवटची आणि खरीखुरी कुजबुज. समोरच्या विंगकडे काकांची दुर्बीण वळली म्हणून सोसायटीच्या सभेत गदारोळ झाला. काका म्हणतात, दयाळ होता. खरं-खोटं तो दयाळ जाणे. पण तिबोटीच्या बिळासमोर घोळका करून उभे राहतात, त्यांच्याविरुद्ध कोणी सभा बोलावत नाही! चोचीत सरडा घेऊन आईबाप फांदीवर ताटकळतायत, आत पिल्लं भुकेली, आणि बाहेर वीस माणसं ‘एकच फोटो’ म्हणून वाट सोडून ओढ्यात उतरलेली. काही महाभाग मोबाइलवर त्याचाच आवाज लावून त्याला बाहेर बोलावतात. याला काय म्हणायचं? आठपटीची दुर्बीण कशासाठी घेतली? लांबून बघता यावं म्हणूनच ना?

तेव्हा निकाल असा: आठ गुणिले बेचाळीस घ्या, कोरडी ठेवा, पदर लावू नका आणि पायवाट सोडू नका. पंचवीस हजार गेले ते गेले, काकू माफ करतील. बिळासमोर गर्दी करणाऱ्यांना मात्र आमच्या चर्चेत माफी नाही.